चार नंबरचं दार

१

सतीशने चार नंबरचं दार उघडलं तेव्हा त्याला आधी तळपाय दिसले.

शेणव्याच्या पुढे, मुरबाडच्या रस्त्याला लागून हे कोल्ड स्टोरेज आहे. आसपासचे लोक त्याला नुसतं 'कोल्ड' म्हणतात. भेंडी, मोगरा, सीताफळाचा आणि जांभळाचा गर असा माल इथे येतो. दर मे महिन्यात, जांभळं सुरू व्हायच्या आधी, एकेक खोली रिकामी करून तिची देखभाल होते. मशीन बंद करायची, नळ्यांवरचं बर्फ वितळू द्यायचं, पाणी जायची मोरी साफ करायची, दाराचं रबर बदलायचं, नळ्यांत दाबाने गॅस भरून गळती बघायची आणि मग मशीन पुन्हा चालू करायची. चार नंबरचं हे सगळं आदल्या दिवशी उरकलं होतं. खोली सगळ्यांत छोटी, पण सगळ्यांत थंड. सतीश तिथला मशीन ऑपरेटर. माल भरण्याआधी खोली नीट थंड झालीय का, एवढंच बघायला तो आला होता.

साफसफाईच्या कामाला असलेला नवशा मोरीपाशी कुशीवर पडला होता. अंगात नुसता शर्ट. सतीशने त्याला उठवायला खांद्याला हात घातला, पण शर्ट फरशीवरून सुटेना. कापड बर्फात बसलं होतं.

सतीश बाहेर आला. आतली थंडी वाया जाऊ नये म्हणून त्याने सवयीने दार लावलं आणि तिथेच खाली बसला. आपण दार लावलं हे त्याच्या लक्षात आलं, तरी त्याला उठवेना.

मॅनेजर अनिल धावत आला. त्याने आत डोकावलं, मग टोपी काढली.

"आतलं बटन अडकलं असंल," तो हळू आवाजात म्हणाला. "कोंडला बिचारा."

हमालांपैकी कोणीतरी मागून म्हणालं, "काल सकाळी सतीश काय बोललेला त्याला?"

सतीशने मान वर केली नाही. काय बोललो ते त्याला आठवत होतं. 'परत झोपलेला दिसलास तर आत कोंडून ठेवीन तुला.'

२

पोलीस उपनिरीक्षक संघरत्ना उबाळे वारलेल्या वडिलांचं पुण्यानुमोदन आटोपून नुकतीच कामावर परतली होती. सगळे म्हणत होते, अजून थोडे दिवस घरी राहा. घरी राहून काय करायचं ते तिला कळत नव्हतं. तिला रडू आलं नव्हतं. जेवणाला चव लागत नव्हती, एवढंच. माणसं समोर बोलत आणि त्यांचं बोलणं तिच्यापर्यंत जरा उशिरा पोहोचे.

नवशाला काढायला फरशीवर कोमट पाणी ओतावं लागलं. तिने आधी फोटो घेतले, मग बाजूला उभं राहून बघितलं. तो उचलला गेला तेव्हा बर्फात त्याच्या खांद्याचा आणि कमरेचा खळगा राहिला.

"काड्या हायेत मॅडम," हवालदार जगन म्हणाला. त्याच्या तळहातावर आगपेटीतल्या काही काड्या होत्या. "थंडी वाजली म्हणून पेटवल्या असतील."

काड्यांची फक्त गुलं जळाली होती. लाकूड कोरं होतं. तिने त्या पाकिटात ठेवल्या.

दाराला आतल्या बाजूने एक मोठं हिरवं बटण होतं. कोणी चुकून आत राहिलं तर ते दाबायचं, बाहेरची कडी आपोआप सुटते. संघरत्ना आत उभी राहिली आणि तिने जगनला बाहेरून दार लावायला सांगितलं. दार लागलं. आत अंधार होता आणि डोक्यावर पंखे घोंघावत होते. तिने टॉर्च बटणावर धरला. बटणाच्या दांड्यावर ताजं ग्रीस होतं, बोटाने सारखं केलेलं, कुठेही पुसलेलं नाही. मग तिने बटण दाबलं. दार लगेच उघडलं आणि ग्रीसवर दांडा सरकल्याची रेघ उठली.

आधी ती रेघ नव्हती.

"बटण चालतंय," ती अनिलला म्हणाली.

अनिलने वाकून बटण बघितलं. पन्नाशीचा माणूस, कपाळावर घामाच्या धारा. नवशाला कामाला त्यानेच लावलं होतं. नवशाच्या वाडीत त्याचं जाणंयेणं होतं.

"मग प्यायलेला असंल," तो म्हणाला. "मेल्या मानसाबद्दल बोलू नये. पन कधी कधी घ्यायचा."

"शेवटचं कधी बघितलंत त्याला?"

"मशीन चालू झाल्यावर. बराच वेळ झाला होता चालू होऊन. माझ्याकडं आला, म्हनला, भाऊ, चार नंबरमधी झाडू राहिलाय, काढतो नि घरी जातो. मी बरं म्हटलं. नंतर मी मुरबाडला गेलो."

"आणि मशीन चालू करायच्या आधी खोली कोणी बघितली होती?"

"मीच. दार उघडून बघितली. रिकामी होती."

तिने मान हलवली. बाहेर भिंतीला खुंट्या होत्या. एका खुंटीवर जाड निळं जॅकेट टांगलं होतं, आत लोकरीची टोपी कोंबलेली.

"हे कोणाचं?"

"नवशाचं," मागून सतीश म्हणाला. सकाळपासून तो पहिल्यांदा बोलला होता.

३

नवशाच्या वाडीतली माणसं दुपारी फाटकाशी आली. आरडाओरडा नव्हता. बाया झाडाखाली बसल्या, पुरुष उभे राहिले. त्यांना सतीश हवा होता.

संघरत्नाने सतीशला ऑफिसात बसवलं. बाहेर अंगाची लाही होत होती आणि हा माणूस हात काखेत धरून बसला होता.

"धमकी दिली होतीस?"

"दिली."

"का?"

"तो मशीनच्या खोलीत झोपायचा. पट्ट्याजवळ. हात गेला असता त्याचा. दहादा सांगितला. नाय ऐकला. तसं काय कोन करतंय का मॅडम. बोलायचं म्हनून बोललो."

"मशीन चालू करताना आत कोण आहे का, बघितलंस?"

"अनिलभाऊला विचारला, आत कोन नाय ना? भाऊ म्हनला, मी बघितलंय, कर चालू. मी केली."

"नवशा नंतर दिसला?"

"नाय. मला वाटला घरी गेला. त्याच्या घरच्यांना वाटला कामाचे दिवस हायेत, तो हितंच राहिला. असं झालं."

"खोलीत पाणी होतं?"

"होतं ना. वितळलेलं. मोरी तुंबलेली, तीच काढायची होती नवशाला. भाऊनं बघितलंय म्हटल्यावर मला वाटलं मोरी झाली."

"ते पाणी गोठायला किती वेळ?"

"फरशी थंड होईपर्यंत. मशीन लागली की पयला तेच गोठतं."

त्याच्यानंतर प्रज्वल आला. देखभालीचं कंत्राट ज्यांच्याकडे होतं त्यांचा हा इंजिनिअर, कल्याणहून येणारा. इस्त्रीचा शर्ट, हातात दोन मोबाइल. नळ्यांची चाचणी त्याने घेतली होती.

"गळती नव्हती, सगळं ओके होतं," तो म्हणाला. "मी टेस्ट संपवून जेवायला सापगावला गेलो. परत आलो, सही केली, निघालो. नवशा कोण, तेपण मला नीट माहीत नाही."

"टेस्टला कुठला गॅस वापरता?"

"नायट्रोजन. साधा. हवेत असतो तोच. जळत नाही, विषारी नाही."

"मग तो सोडता कुठे?"

"बाहेर. पाइप लावून बाहेर सोडतो." हे म्हणताना त्याने एक मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला.

संध्याकाळच्या आत पोस्टमॉर्टेमचं कळलं. मार नाही, दारू नाही. मृत्यू थंडीने.

"मंग झालं की," जगन म्हणाला. "जिता मानूस थंड खोलीत कोंडला. सतीशला आत घ्यायचा का? फाटकावरची मानसं काय हलत नायत."

"घे," संघरत्ना म्हणाली. "बाहेर राहिला तर मार खाईल."

सतीश स्वतःच गाडीत जाऊन बसला. कुठे नेताय, असंही त्याने विचारलं नाही.

४

संघरत्नाने एक आगपेटी विकत घेतली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चार नंबरमध्ये गेली. तिने नवशाचंच जॅकेट घातलं होतं. दुसरं मिळालं नाही.

पंखे बंद करवून तिने काडी ओढली. काडी पेटली आणि जळत राहिली, बोटाला चटका बसेपर्यंत. दुसरी ओढली. तीही जळली. थंडीचा ज्योतीवर काही परिणाम नव्हता.

मग नवशाच्या काड्या गुलाशीच का विझल्या? एक विझेल, ओली असेल. सगळ्याच?

ती तिथेच उभी राहिली. नाकातला ओलावा गोठत होता. तिला वडील आठवले, आठवायचे म्हणून नव्हे, असेच. ते भातसानगरला धरणावर होते. पाण्याची पातळी मोजायची एक खोल विहीर होती, तिच्यात उतरण्याआधी ते दोरीला कंदील बांधून आत सोडायचे. लहानपणी ती काठावर उभी राहायची. कंदील खाली जाऊनही जळत राहिला तरच ते पहिल्या पायरीवर पाय ठेवायचे. 'दिव्याला जी हवा पुरत नाही, ती आपल्यालाही पुरत नाही,' ते म्हणायचे. 'फरक एवढाच, दिव्याला लगेच कळतं.'

काडीचं गूल स्वतःच्या दारूवर भडकतं. लाकडाला हवा लागते. नवशाने काड्या ओढल्या तेव्हा ह्या खोलीत श्वास घेण्याजोगी हवा नव्हती.

ती बाहेर आली आणि तिने प्रज्वलला पुन्हा बोलावून घेतलं. येईपर्यंत ती चहाचा कप पुढ्यात घेऊन बसली. चहा तसाच राहिला.

"बाहेर सोडायचा पाइप दाखवा," ती म्हणाली.

प्रज्वलने इकडेतिकडे बघितलं. गाडीत असेल म्हणाला. गाडीत नव्हता. शेवटी तो पायरीवर बसला.

"गेल्या वर्षी बाहेर सोडला होता," तो म्हणाला. "फार मोठा आवाज होतो. शेजारच्या वस्तीला वाटलं मशीनमधला विषारी अमोनिया फुटला. लोक पोरं घेऊन रानात पळाले. कोल्डवर मोर्चा आला. ह्या वेळी अनिल म्हणाले, आवाज बाहेर नको, खोलीतच सोडा, दार लावून घ्या. मी सोडला. वर गॅसचे आणखी बाटले लावून नळ्या धुऊन घेतल्या, तेही आतच. दार लोटून जेवायला गेलो."

"दारावर काही लिहिलं? कोणाला सांगितलं?"

"अनिलना माहीत होतं."

"नवशाला?"

प्रज्वलने नाही अशी मान हलवली. मग म्हणाला, "त्याला वास येत नाही मॅडम. काहीच कळत नाही. माणूस उभा असतो आणि पडतो."

जगन दाराशी उभा राहून ऐकत होता. त्याने टोपी सारखी केली.

"म्हंजे गॅसनं मेला," तो म्हणाला. "मंग डॉक्टर थंडीनं मेला कसं म्हनतात? दोघांतलं एक कायतरी खोटं."

५

डॉक्टर बाई शहापूरला जेवायच्या सुट्टीत भेटल्या. डबा उघडा होता. त्यांनी तो झाकला.

"मी चुकलेली नाही," त्या म्हणाल्या. "त्याच्या जठराच्या आत काळपट ठिपके आहेत. मेलेलं शरीर थंड केलं तर ते येत नाहीत. जिवंत माणूस हळूहळू गारठत गेला तरच येतात. थंडी पडायला लागली तेव्हा तो जिवंत होता. बेशुद्ध असेल. पण श्वास चालू होता."

"किती वेळ?"

"सांगता येणार नाही. थोडाथोडका नाही."

संघरत्ना गाडीत येऊन बसली. जगनने गाडी सुरू केली नाही. तिच्याकडे बघत राहिला.

"दोन्ही खरं आहे," ती म्हणाली. "ऐक. जॅकेट बाहेर खुंटीला होतं. थंड खोलीत जाणारा माणूस जॅकेट घालून जातो. म्हणजे तो आत गेला तेव्हा खोली गरम होती. देखभालीत दिवे बंद होते आणि दार मागे लोटलं गेलं, म्हणून मोरी बघायला त्याने काड्या ओढल्या. त्या पेटल्या नाहीत, आणि तो पडला. पाण्यात पडला. पाणी नंतर त्याच्याभोवती गोठलं. अनिल म्हणतो तसा तो बऱ्याच वेळाने गेला असता, तर बर्फावर पडला असता. बर्फात नाही. बटणाला त्याने हात लावला नाही, कारण त्याला शुद्धच नव्हती."

"बरं."

"पण त्या गॅसमध्ये तसाच पडून राहिला असता तर तिथेच मेला असता. थंडी पडेपर्यंत टिकला नसता. तो टिकला. म्हणजे मधे चांगली हवा आत आली."

जगनने थोडा विचार केला. "कोनीतरी दार उघडलं."

"हो. मशीन चालू होण्याआधी दार उघडून आत बघितल्याचं एकाच माणसाने सांगितलंय. आणि खोली रिकामी होती, असं म्हणाला."

जगनने गाडी सुरू केली. दोघं शेणव्याला परतले.

अनिल ऑफिसात पंख्याखाली बसला होता. ती समोर बसली. तिने आवाज चढवला नाही, चढवावा असं तिला वाटलंही नाही. जगनला सांगितलं तेच तिने त्याच क्रमाने सांगितलं. जॅकेट, काड्या, बर्फ, बटण. जठरातले ठिपके तिने सांगितले नाहीत.

अनिलने टेबलाची कड धरली.

"मी दार उघडला," तो म्हणाला. "तो मोरीपाशी पडलेला. हाक मारली. दारातच माझं डोकं गरगरलं, तेव्हा समजला गॅस हाय. मागं झालो."

"मग?"

"बघत उभा राहिलो. हलत नव्हता. गेला असं वाटला मला."

"हात लावलात?"

"नाय."

"कोणाला हाक मारलीत?"

"नाय." त्याने डोळे पुसले, पण डोळे कोरडेच होते. "गॅस आत सोडा, हे मीच सांगितलेला. गेल्या सालीच मालक म्हनलेले, आता काय झालं तर तुझं तू बघ. पोरीचं लगीन ठरलंय. मला वाटला, गेलेला मानूस तर गेलाच. थंडीनं झालं असं दिसलं तर चूक कोनाचीच नाय, मशीनीची."

"सतीशची," ती म्हणाली. "मशीन त्याने लावली."

"त्याला सोडतील असं वाटलेला. त्याच्याकडून चुकून झालं म्हंतील."

"दार किती वेळ उघडं होतं?"

"मी उभा होतो तेवढा वेळ. मग लावून घेतला. सतीशला म्हटला, कर चालू."

संघरत्नाने मग ठिपक्यांचं सांगितलं. एकेक वाक्य सांगितलं, मधे थांबून, म्हणजे त्याला समजावं.

"तुम्ही दार उघडलंत म्हणून तो वाचला होता," ती म्हणाली. "उघडंच राहू द्यायचं होतं. आत जायचीसुद्धा गरज नव्हती."

अनिल तिच्याकडे बघत राहिला. त्याचं तोंड थोडं उघडं होतं. नंतर त्याने विचारलं, "किती वेळ जिता होता?"

"सांगता येत नाही."

तो उठला, आणि कुठे जायचं ते न सुचून परत बसला. जगनने त्याच्या दंडाला धरून त्याला उठवलं.

६

सतीश सुटला. प्रज्वलवर वेगळा गुन्हा लागला. संघरत्ना सतीशला त्याच्या घरापर्यंत सोडायला तयार होती, पण तो नको म्हणाला. चालत जाईन म्हणाला, आणि कोल्डच्या उलट्या दिशेने चालायला लागला.

ती वाडीवर गेली. रस्ता संपतो तिथे गाडी ठेवून वर चढावं लागलं. नवशाची बायको बाईजा अंगणात सुपात तांदूळ निवडत बसली होती. तिने बसायला गोणपाट टाकलं आणि पाणी आणून दिलं. संघरत्ना पाणी प्यायली.

मग तिने सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, काही गाळावं लागेल. सांगायला बसल्यावर गाळता आलं नाही. बाईजा खाली बघून ऐकत होती. हात थांबले होते.

"त्याला कलत व्हतं का?" तिने शेवटी विचारलं. "थंडी वाजत व्हती त्ये?"

"नाय. शुद्धीत नव्हता."

"मंग बरं."

खालच्या घरात कोणीतरी कोंबड्या हाकत होतं. बाईजाने सुपातला एक खडा उचलून दूर टाकला.

"खांदा द्याया पयला अनिलभाऊच म्होरं झाला," ती म्हणाली. "आमच्यातली मानसं मागं उभी व्हती, त्यो पायातली चप्पल काढून म्होरं आला. मीच म्हनली, धरा भाऊ, तुमीच त्याला कामाला लावलात."

संघरत्नाने पाण्याचं रिकामं भांडं बाजूला ठेवलं.

बाईजा उठली. घरातून तिने तांदळाचं एक पोतं ओढत उंबऱ्यापर्यंत आणलं. तोंडाची सुतळी सुटलेली होती, थोडे तांदूळ वापरले गेले होते. सुपातले तांदूळ तिने त्यात परत ओतले, हाताने सूप झटकलं आणि सुतळी आवळून गाठ मारली.

"ह्ये बी अनिलभाऊनंच धाडलंय. परत न्याया गाडीत जागा हाय का?"

ते पुरावा म्हणून कुठे लागणार नव्हतं. संघरत्नाने पोत्याचं एक टोक धरलं, बाईजाने दुसरं धरलं, आणि दोघी उतारावरून ते खाली घेऊन निघाल्या.